गाज राहू द्या, घरघर काढा

विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही जुन्या घरात जा. माजघरातल्या कपाटात एक खण असा असतोच, की ज्यात सातबाराचे उतारे, मुदत संपलेल्या विम्याच्या पॉलिसी आणि विजेची जुनी बिले यांच्या सोबतीला चार-सहा चकत्या पडलेल्या असतात. आमच्याकडे त्यांना सरसकट ‘सीडी’ म्हणतात. बहुतेक वेळा त्या डीव्हीडी असतात. एकीवर स्केचपेनने ‘थोरल्याचे लग्न’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘जत्रा, भाग २’. भाग १ कुणीतरी पाहायला नेलेला असतो आणि तो परत येत नाही, हेही ठरलेलेच. त्या चालवणारे यंत्र घरात आता उरलेले नसते आणि नव्या लॅपटॉपला खाचच नसते. तरीही त्या कुणी टाकत नाही. दारी भंगारवाला आला की घरची बाई फुटक्या कळशीचा सौदा करते, पण त्याचा हात त्या चकत्यांकडे गेला की म्हणते, ‘‘तां नको, तेच्यात माणसां आसत.’’

ही माणसे चकतीत गेली कशी, ते थोडक्यात सांगायला हवे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात आखातातून परतणाऱ्यांनी व मुंबईच्या चाकरमान्यांनी व्हिडिओ कॅमेरे गावी आणले. लग्ने, मुंजी, गणपती, जत्रा आणि जत्रेतला दशावतार हे सगळे व्हीएचएस कॅसेटवर उतरले. कोकणच्या पावसाने यथावकाश त्या कॅसेटींना बुरशी धरली. २००० नंतर तालुक्याच्या गावी ‘कॅसेटची सीडी करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. लोकांनी कॅसेटी दिल्या, चकत्या घेतल्या आणि नंतर कॅसेटी फेकून दिल्या. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे इथे मला ‘मूळ दस्तऐवज’ हा शब्द चटकन आठवतो. तो आता नाही. हाती आहे ती नक्कल, आणि आता तिलाच मूळ मानून सांभाळायचे आहे.

लग्नाच्या चकतीचे मोल त्या घरापुरते असते. जत्रेच्या चकतीचे तसे नाही. दशावतार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळापुढच्या मांडावर रात्री उशिरा सुरुवात होते. आधी आड दशावतार. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती आणि काळ्या वेषातला संकासूर येऊन जातात. मग पुराणातले आख्यान लागते ते पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा मंडळ्यांची नावे आमच्याकडे मुंबईच्या नाटक कंपन्यांपेक्षा जास्त आदराने घेतली जातात. आणि या सगळ्यात आमच्यासारख्या लिहिणाऱ्याला तोंडात बोट घालायला लावणारी गोष्ट अशी, की यातले संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरते, प्रवेश ठरतात, पण राजा आणि राक्षस एकमेकांना काय बोलणार हे त्या रात्री, त्या मांडावरच ठरते. संहिता नाही, वही नाही. बोलणे झाले की ते संपले.

म्हणजे १९९४ सालच्या जत्रेत संकासुराने कोकण रेल्वेवर जी टोलेबाजी केली, ती जर कुठे असेल तर एखाद्या चकतीत. (रेल्वे पुढे आली आणि विजयदुर्गापासून लांबूनच निघून गेली, त्यामुळे ते विनोद आजही शिळे झालेले नाहीत.) छापील नाटकाचे चित्रण हरवले तरी नाटक राहते. दशावताराच्या चित्रणातला आवाज गेला तर नाटकच गेले. २०२२ साली सुधीर कलिंगण गेले, तेव्हा ही गोष्ट पुष्कळांना एकदम जाणवली. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी नटांचा आवाज आता फक्त अशा खणांतून पडून आहे.

आता अडचण अशी, की त्यातला बराचसा आवाज ऐकवत नाही. मांडाच्या बाजूला जनरेटर धडधडत असतो. कर्णा फाटलेला असतो आणि कॅमेरेवाला नेमका त्याच्याखाली उभा असतो. त्या कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय असे. म्हणजे नट गप्प झाला की यंत्र कान टवकारते आणि जनरेटरचा आवाज वाढवून ठेवते, नट ओरडला की दचकून मागे सरते. त्यात व्हीएचएसचा मूळचा दोष. गाण्याच्या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. व्हीएचएसची साधारण २.३४. फीत जितकी हळू तितका कडेच्या पट्टीवरचा आवाज गरीब. वरच्या पट्टीतले बारीक स्वर दबतात आणि त्यांच्या जागी ‘स्स्स्’ असा सततचा फुसफुसाट येऊन बसतो.

तेव्हा हा आवाज साफ करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. २०२५ मध्ये ‘दशावतार’ हा चित्रपट आल्यापासून तर मुंबई-पुण्यातल्या नातवंडांनाही आजोळच्या त्या चकत्यांची आठवण झाली आहे. माझ्या पुतण्याने अशीच एक चकती शहरातल्या एका दुकानात ‘क्लीन’ करायला दिली. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळीकडे हेच चालते. परत आली ती मोबाइलवर पाहायची फाइल आणि तिच्यावरून पुन्हा बनवलेली नवी डीव्हीडी. जनरेटर खरोखरच गेला होता. पण त्याच्याबरोबर झांज गेली, लोकांचे हसणे गेले, आणि राजाचा आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा झाला. घरातल्या म्हाताऱ्या काकूने दोन मिनिटे ऐकून विचारले, ‘‘ह्यो राजा बावडीत पडलो काय रे?’’ चित्राची गत त्याहून वाईट. युद्धनृत्यात गिरकी घेणाऱ्या नटाच्या कडेला कंगव्याचे दाते दिसत होते आणि रंगवलेल्या चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे झाले होते.

इथेच माझे पहिले म्हणणे आहे. बिघाड आवाजात होता. चित्राला हात लावायचे कारणच काय?

डीव्हीडी म्हणजे चित्र आणि आवाज यांचा एकजीव झालेला रस नव्हे. संगणकात चकती उघडली तर त्यात व्हिडिओ टीएस नावाचे एक दप्तर आणि त्यात व्हीओबी नावाच्या मोठमोठ्या फाइली दिसतात. या फाइलींत चित्राचा प्रवाह वेगळा आणि आवाजाचा वेगळा, असे दोन प्रवाह लहान लहान तुकड्यांनी एकमेकांत गुंफलेले असतात. एकाच लेजरमध्ये दोन खाती असावीत तसे. ती खाती विनामूल्य मिळणाऱ्या साधनांनी वेगळी करता येतात. मग आवाजाचे खाते दुरुस्त करायचे, चित्राचे जसेच्या तसे ठेवायचे आणि दोन्ही पुन्हा गुंफून नवी चकती बांधायची. एफएफएमपेग नावाच्या प्रणालीत चित्रापुढे ‘कॉपी’ एवढा एक शब्द लिहिला की ती चित्राचा एक बिंदूही न बदलता ते पुढे सरकवते. दुकानदार हे करत नाहीत, कारण त्यांच्या तयार साच्यात फाइल टाकली की साचा चित्र उलगडतो आणि पुन्हा नव्याने दाबून बसवतो.

हे पुन्हा दाबणे घातक का, ते समजून घेण्यासारखे आहे. डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ पद्धतीने आवळलेले असते. सेकंदाला २५ चित्रे, पण त्यांतले पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदातून एकदाच नोंदले जाते. मधल्या चित्रांत फक्त ‘आधीपेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद असते. डोळ्याला सहसा जाणवणार नाही असे बरेच काही टाकून देऊन ही काटकसर साधलेली असते. असे चित्र उलगडून पुन्हा आवळले की टाकून दिलेले परत येत नाहीच, वर नवे काही टाकले जाते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर सहीची अक्षरे जशी फुगतात आणि तुटतात, तसे. शिवाय आपल्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी-अर्धी चित्रे असत. अडाणी साचा ती जोड्या लावून चिकटवतो, आणि गिरकी घेणाऱ्या नटाला ते दाते फुटतात.

आवाजाच्या बाजूने दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले म्हणजे लांबी. साफसफाई करताना मधला एक सेकंदही कापायचा नाही. खोकला नकोसा वाटला तर त्या जागी आवाज उतरवा, पण जागा सोडू नका. एक चित्र सेकंदाचा पंचविसावा हिस्सा टिकते, आणि चार-पाच चित्रांचा फरक पडला तरी ओठ एक बोलतात आणि कान दुसरे ऐकतो. खाती वेगळी करताना कधी कधी आवाज चित्राहून काही हजारांश सेकंद मागे-पुढे सुरू होत असल्याची नोंद मिळते. जोडताना ती आठवणीने परत द्यायची. दुसरे पथ्य जागेचे, आणि हे गणित मला मनापासून आवडते. साध्या डीव्हीडीवर ४७० कोटी बाइट मावतात. तासाभराची चकती असेल आणि चित्र सेकंदाला ८० लाख बिट या दराने भरलेले असेल, तर चित्राला ३६० कोटी बाइट लागतात. न आवळलेला आवाज तासाला ६९ कोटी घेतो. बेरीज ४२९ कोटी. थोडी शिल्लकही उरते. पण तेवढ्याच जागेत दोन तासांचे चित्र असेल, तर दोन तासांच्या न आवळलेल्या आवाजाला १३८ कोटी लागतील आणि खाते उणे होईल. मग आवाजच डॉल्बी डिजिटल पद्धतीने आवळावा. तो २३ कोटींत बसतो. दुकानदार अशा वेळी नेमके उलटे करतो, जागेसाठी चित्र आवळतो. न आवळलेल्या साफ आवाजाची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवली की झाले.

हा झाला यंत्राचा भाग. तो चार दिवसांत कुणालाही शिकता येतो. आमच्या शेजारच्या बारावीतल्या मुलीला दोनच दिवस लागले. खरा प्रश्न पुढेच आहे. काढायचे काय आणि ठेवायचे काय?

जनरेटरची घरघर काढावी, याबद्दल वाद नाही. विजेच्या तारांतून शिरणारी गुणगुण तर आपला पत्ताच सांगून येते: आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे गुणगुण ५०वर, १००वर, १५०वर बसलेली असते. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत त्या त्या जागी बारीक छिद्र पाडून ती उपसता येते आणि बाकीच्याला धक्का लागत नाही. फुसफुसाटाचे तसे नाही. त्यासाठी कुणी बोलत नसताना पकडलेला दोन-तीन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्यायचा असतो. प्रणाली त्या नमुन्याशी जुळणारे सगळीकडून वजा करते. पण फुसफुसाट राहतो त्याच वरच्या मजल्यावर झांजही राहते. एकाला बाहेर काढताना दुसरीला बखोट धरून काढले जाते, आणि मागे उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडता आवाज. म्हणून माझा शिरस्ता असा, की फुसफुसाट निम्माच उतरवायचा. कान त्याला दोन मिनिटांत सरावतात. नसलेल्या झांजेला ते सरावत नाहीत.

बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवर काही उत्साही मंडळींनी असाच रंधा मारलेला मी ऐकला आहे. खरखर गेली, पण तिच्याबरोबर कादरबक्षांच्या सारंगीची धार गेली आणि गंधर्वांचा श्वासही गेला. श्वासाशिवायचे गंधर्व ऐकण्यापेक्षा मी खरखर पत्करीन. ज्यांना ‘स्वच्छ’ हवे त्यांनी आजच्या गायकाचे ध्वनिमुद्रण ऐकावे, तेही चांगले असते.

आणि आमच्या चकत्यांत याहून नाजूक गोष्टी असतात. यंत्राला शब्द तेवढे कामाचे वाटतात. त्याच्या लेखी समुद्राची गाज म्हणजे फुसफुसाटच, कारण तीही सतत चालते. लोकांचे हसणे म्हणजे अडथळा. पण ज्या नाटकाचे संवाद समोरच्या हशावर बेतून पुढे जातात, त्यातला हशा काढला तर संकासूर मध्येच का थांबला, तेच वाक्य त्याने उलटे करून पुन्हा का म्हटले, याचा पत्ता लागत नाही. हशा हे तिथले अर्धे पात्र असते. मागे रडणारे मूल, खाजे विकणाऱ्याची आरोळी, ‘‘फुडे बसा, फुडे बसा’’ म्हणणारा मानकरी, ही त्या रात्रीची साक्ष आहे. गावातल्या एका वयस्क गृहस्थांना अशी एक चकती ऐकवत होतो. पडद्यावर राजा होता, पण त्यांचे लक्ष तिकडे नव्हते. गर्दीतून कुणीतरी दाद देऊन खाकरले, आणि ते म्हणाले, ‘‘सायबा, मागे घ्या वाईच. ह्यो आवाज माज्या बापाशीचो.’’ पाच वेळा मागे घेतले. कुठल्याही प्रणालीने ते खाकरणे पहिल्या फेरीतच उडवले असते.

साफसफाईचा सर्वांत मोठा अत्याचार मात्र जुन्या लग्नांच्या चित्रणांवर झाला आहे, आणि तो नुकताच नव्हे, त्याच काळात. फिरते गुलाब, उडते बदाम आणि पाठीमागे अथपासून इतिपर्यंत हिंदी सिनेमाची गाणी! मंगलाष्टके म्हणणारी आजी ओठ हलवते आहे आणि आवाज येतो आहे पार्श्वगायिकेचा. लोकांना त्या वेळी ते फार आवडले होते, हे सांगायला हवे. आता आजी नाही, आणि ते गाणे तर रोज रेडिओवर लागते. यावर उपाय बहुधा नसतो, पण एका परिस्थितीत असतो, म्हणून मुद्दाम लिहितो. काही व्हीएचएस कॅमेरे हाय-फाय पद्धतीचे होते. त्यांत आवाज दोन ठिकाणी नोंदला जाई: एकदा फितीच्या कडेच्या पट्टीवर आणि एकदा चित्राबरोबर, फिरत्या डोक्याने, चित्राच्याच पट्ट्यात. नंतर त्याच कॅसेटवर गाणी चढवली असतील, तर ती फक्त कडेच्या पट्टीवर चढतात. चित्राबरोबरचा आवाज पुसता येत नाही. म्हणजे गाण्यांखाली आजी जिवंत असण्याची शक्यता असते. तेव्हा ज्यांच्याकडे मूळ कॅसेट अजून आहे, त्यांनी ती बुरशीसकट जपावी आणि हाय-फाय यंत्र मिळवून तपासावी. जगातले व्हीएचएस यंत्रांचे शेवटचे मोठे उत्पादक जपानच्या फुनाईने २०१६ साली उत्पादन थांबवले, त्यामुळे जुने चालू यंत्र गाठण्यावाचून मार्ग नाही.

चित्रपटांच्या बाबतीत आपण हा धडा महागात शिकलो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले, तरी २००३च्या जानेवारीतल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती, त्यांत ‘प्रभात’चे मोलाचे साहित्य, जळून गेले. २०२२ साली केंद्र सरकारने सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. उत्तमच झाले. पण देवगड तालुक्यातल्या जत्रेची चकती त्या यादीत येणार नाही, आणि यावी अशी अपेक्षाही मी करत नाही. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीकडे देशभरच्या लोककलांचे मुद्रण आहे. तेही निवडक प्रयोगांचेच असणार. ज्या रात्री कुणी मोठा माणूस आला नव्हता, त्या रात्रीचे मुद्रण आपल्याच खणात आहे.

म्हणून ही जबाबदारी आमच्या गावोगावच्या वाचनालयांनी घ्यावी, असे माझे मत आहे. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे आणि त्यांना नवे काम हवेच आहे. करायचे ते फार नाही. चकती आणा, तिची जशीच्या तशी बिनबदल नक्कल उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर ठेवा. सोबत कागदावर नोंद: साल, गाव, मंडळी, आख्यान, ओळखता येतील त्या नटांची नावे. दृक्श्राव्य संग्रहांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिचाही दंडक हाच आहे, की आधी काहीही न सुधारता नक्कल करा आणि सुधारणा नंतर, त्या नकलेवर. आज मला जी घरघर वाटते तिच्यातून उद्याचे एखादे चांगले साधन आणखी चार वाक्ये काढील. मी ती आजच खरवडून टाकली, तर त्या साधनाला काढायला काही उरणार नाही.

‘‘यूट्यूबवर टाकून दिले की झाले’’ असे तरुण मंडळी म्हणतात. तिथे टाकलेले प्रत्येक चित्र पुन्हा आवळले जाते, हे एक. दुसरे, दशावतारी नट या कलेवर पोट भरतो. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना न विचारता त्याची रात्र जगाला फुकट वाटून टाकण्याचा अधिकार चकती आपल्या खणात होती एवढ्याने मिळत नाही. वाचनालयात बसून ऐकायला काहीच हरकत नसावी. तिथे ऐकणारे दहा जण आवाजावरून नटाचे नाव तरी सांगतील.

घाई एका कारणासाठी आहे. घरी भरलेल्या डीव्हीडीत माहिती साठते ती सेंद्रिय रंगाच्या थरात. आमची दमट हवा, ऊन, वर चिकटवलेले कागदी लेबल हे सगळे त्याला मानवत नाही. आणि डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते. म्हणजे पूर्ण भरलेल्या चकतीत प्रयोगाचा शेवट अगदी बाहेरच्या कडेला असतो, जिथे आपण सगळे बोटाने धरतो. माझ्याकडे सध्या आलेल्या एका चकतीत गणपती आहे, संकासूर आहे, युद्ध आहे. पहाटेच्या दहीकाल्याची अकरा मिनिटे वाचली जात नाहीत. आधी धड भाग उतरवून मग खराब भागाकडे पुन्हा पुन्हा वळणारी एक प्रणाली आहे. ती तीन रात्री लावून ठेवली, तेव्हा अकराची नऊ झाली. आता कणकवलीहून दुसऱ्या बनावटीचे एक जुने यंत्र मागवले आहे. एका यंत्राला न वाचता आलेले दुसऱ्याला कधी कधी वाचता येते.